ठाणेदार, जेसीबी आणि अक्काचा वरणभात

मधू, तुझ्या तेरवीला मी बोललो नाही. लोकांना आधी वाटलं माझा गळा दाटला असेल, मग वाटलं माईक बिघडला असेल. दिग्रसमध्ये लग्न असो, सत्कार असो की शाळेचं गॅदरिंग, माईक एकदा माझ्या हातात आला की वीज जाईपर्यंत परत जात नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? आहेर पुकारताना मी साध्या टॉवेल-टोपीला असा उठाव देतो की देणाऱ्यालाच स्वतःबद्दल आदर वाटायला लागतो. त्या माणसाने तुझ्यासाठी दोन शब्द बोलू नयेत? पण मला जे सांगायचं होतं ते दोन शब्दांत मावणारं नव्हतं. त्यात एक मासा होता, एक कोळंबी होती आणि तूप घातलेला वरणभात होता. तेरवीच्या मांडवात, बुंदीच्या पंगतीसमोर, हे कसं सांगणार? म्हणून आता लिहितो. तू मध्येच तोडून "मुद्द्यावर ये बे" म्हणू शकत नाहीस, ही सोय मला पहिल्यांदाच झाली आहे. सोय म्हणतो खरी. फार वाईट सोय आहे.

तुझ्या चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत समुद्र होता. आमच्याकडे कापूस आहे, तूर आहे, जिनिंगचा भोंगा आहे. समुद्र मात्र कोणत्याही दिशेने निघालं तरी एका दिवसात हाती लागत नाही. तू तो काचेच्या पेटीत घरी आणलास. दोन-तीन बादल्या पाण्याचा समुद्र. नागपूरहून आणलेलं खास मीठ फिल्टरच्या पाण्यात विरघळवायचं, मग एक थेंब त्या नळीसारख्या यंत्रात घालून, नळी डोळ्याला लावून खारटपणा मोजायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं, डॉक्टर नवीन मशीन आणून राह्यले डोळ्याचं. एका म्हातारबुवांनी तर तीच नळी आपल्या डोळ्याला लावून मागितली होती आणि "आता साफ दिसते" असा निर्वाळाही दिला होता.

पेटीत काही दगड, दगडांवर शर्टाच्या बटणांसारखी उघडमीट करणारी हिरवी-केशरी प्रवाळं, तळाला पांढरी वाळू, आणि त्या वाळूतल्या एका बिळाच्या तोंडाशी तो बसलेला. पिवळाधमक, अंगावर निळे ठिपके, माझ्या करंगळीहून जरासाच मोठा. गोबी म्हणतात याला, असं तू मला सांगितलंस, आणि मी त्या दिवशी तुझ्याकडे भजी खायला आलो होतो म्हणून कोबी ऐकल्यासारखं करून तुला मुद्दाम छळलं. पण खरी गंमत त्याच्या मागे होती. बिळात एक कोळंबी राहायची, एका हाताला मोठी नांगी, तिला जवळजवळ दिसतच नाही. ती दिवसभर वाळू ढकलत बीळ खोदते, आणि हा दारात बसून पहारा देतो. बाहेर येताना ती आपली लांब मिशी त्याच्या अंगाला टेकवून ठेवते. त्याने शेपटी जरा थरथरवली की काही तरी धोका आहे, दोघं आत. त्याला खोदता येत नाही, तिला दिसत नाही. भाड्याचं घर आणि पहारेकरी यांचा असा करार मी आमच्या तालुक्यात कुठे टिकलेला पाहिला नाही.

मी लगेच नावं ठेवली. दारात बसणारा तो ठाणेदार, आणि वाळू ढकलणारी ती जेसीबी. नावं ठेवून थांबलो असतो तर मी मी कसला? तुझ्याकडे कोणी आलं की मी पेटीशेजारी उभा राहून ठाणेदाराच्या आवाजात बोलायचो. "कोन हाय बे तिकडं? लायसन दाखव. चष्मा लावून ये आधी." लोक हसून लोळायचे. तू मात्र काउंटरवरून चष्म्याच्या वरून बघायचास.

"सुऱ्या, त्याच्या तोंडात तुहे शब्द कोंबू नको."

"काहून? त्याले राग येते काय?"

"त्याले काहीच येत नाई. तेच तर म्हनून राह्यलो. तो मासोळी हाय. त्याचं तोंड लहान हाय, तुहे शब्द मोठे हायेत."

हे आपलं भांडण किती वर्षं चाललं कोण जाणे. मी म्हणायचो, तो तुला ओळखतो. तू जवळ गेलास की बाहेर येतो, मी गेलो की आत जातो. तू म्हणायचास, तो मला नाही, माझ्या हातातल्या चमच्याला ओळखतो, आणि त्याने मला ओळखायची काय गरज? मी त्याचं पाणी ओळखलं म्हणजे झालं. मी म्हणायचो, हे फारच कोरडं झालं. तू म्हणायचास, पाण्याच्या पेटीजवळ उभा राहून कोरडं म्हणू नको. एकदा मी सरळच विचारलं, की बाबा, सगळं सोडून समुद्र का? तेव्हा तू जे म्हणालास ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, आणि माझ्या बाबतीत हे किती अवघड आहे ते तू समजू शकतोस. तू म्हणालास, "दिवसभर लोकाईले विचारतो, आता दिसते काय? अन् आता? इथं दोघांतल्या एकाले दिसतच नाई, अन् कोनाचं काही अडत नाई. बरं वाटते पाहाले."

ठाणेदाराला आणलं तो दिवस आठवतो? थंडीचे दिवस. नागपूरहून एसटीत तू थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन बसलेला, आणि त्याला गार लागू नये म्हणून डब्याला माझा स्वेटर गुंडाळलेला. मी कुडकुडत होतो आणि मासा उबेत होता. यवतमाळला एक आजी चढली, तुझ्या शेजारी टेकली आणि स्वेटर घातलेल्या डब्याकडे बघत राहिली.

"काय हाय जी त्याच्यात?"

तू खोटं बोलणाऱ्यातला नाहीस. "मासोळी."

"वास तं नाई येत!"

"जिती हाय."

मागच्या सीटवरून एकाने विचारलं, "कशी किलो?" तू म्हणालास, खायची नाही. झालं. जी खायची नाही ती मासोळी स्वेटर घालून नागपूरहून का चालली आहे, यावर सगळ्या गाडीत चर्चा सुरू झाली. मग मला राहवेना. मी उभा राहिलो, दांड्याला धरलं आणि मायबाप जनतेला सांगितलं की या डब्यात समुद्रातले ठाणेदारसाहेब बदली होऊन दिग्रसला रुजू होत आहेत. दारव्हा येईपर्यंत अर्ध्या गाडीने डब्याला कान लावून पाहिला होता. कंडक्टर म्हणाला, "साहेबाचं तिकीट काढलं काय?" तू लालबुंद. "खाली बस बे, घाबरून मरन तो!" आजीने मात्र उतरताना डब्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "सुखानं राह्य बापा." मला वाटतं, दिग्रसमध्ये एवढ्या आशीर्वादाने दुसरा कोणताही ठाणेदार आलेला नाही.

आता जे सांगतो ते तुझ्यामागचं आहे, तुला माहीत नसलेलं. नीट ऐक.

तू गेलास तो पेटीसमोरच्या खुर्चीत बसलेला असतानाच. घाटंजीहून अक्का आली. लोकांसाठी सांगतो: अक्का म्हणजे तुझी थोरली बहीण, आई गेल्यावर तुला कडेवर घेऊन वाढवणारी, आणि तू लग्न केलं नाहीस म्हणून तुझ्या घरात हक्काने रडू शकणारी एकटीच. तिने रीत पाळली. माणूस जिथे गेला तिथे ताटात पीठ पसरायचं, वर टोपली पालथी घालायची, शेजारी दिवा लावायचा. सकाळी टोपली उचलायची, आणि पिठावर जी खूण उमटली असेल त्यावरून ओळखायचं की जीव कोणत्या जन्माला गेला. आता तू गेलास पेटीसमोर, म्हणून ताट ठेवलं पेटीच्या अगदी खाली. पेटीतल्या बुडबुड्यांमुळे बारीक तुषार उडतात, तुझ्या चष्म्याच्या काचांवर कायम मिठाचे ठिपके असायचे ते त्यामुळेच. ते तुषार टोपलीच्या फटींतून पिठावर पडत राहिले असणार. सकाळी टोपली उचलली तर पिठावर लांबट खूण, एका टोकाला दोन फाटे फुटलेली.

शेजारच्या बाया जमल्या. एक म्हणाली पाखराचं पाऊल. दुसरी म्हणाली गोगलगाय. अक्का वाकली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मासोळी हाय. हे तोंड, अन् हे शेपूट. माहा मधू मासोळीत गेला." मग तिने मान वर केली. पेटीत ठाणेदार आपल्या बिळाच्या तोंडाशी बसलेला, तिच्याकडेच बघत असल्यासारखा.

बुडबुड्यांची गोष्ट मी बोललो नाही. तिच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत पहिल्यांदाच काही तरी उजाडलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आलो आणि दारातच थबकलो. पेटीतलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं. वर तुपाचा पिवळा तवंग. प्रवाळांनी आपली सगळी बटणं मिटून घेतलेली. आणि बिळाच्या तोंडाशी भात! जेसीबी एक शीत ढकलत बाहेर आणायची, ते टाकून आत जायची, तोवर पाण्याच्या धारेने दुसरं शीत दारात. ठाणेदार तिच्या शेजारी, त्याचे कल्ले भात्यासारखे चाललेले. सुतकाच्या घरात शेजारचे डबे यायचे, आणि प्रत्येक डब्यातला पहिला घास अक्का भावाला देत होती.

"अक्का, हे कोनं टाकलं?"

"म्या टाकलं. वरणभात, वरून तूप. त्याले लय आवडे." ती पेटीजवळच मांडी घालून बसली होती. "पन खाऊन नाई राह्यला रे. घास जवळ गेला की तोंड फिरवते." मग एकदम आवाज खाली गेला. "रुसला व्हय माह्यावर?"

"कायले रुसन तो?"

तेव्हा तिने मला ते सांगितलं. भाऊबीजेला ती ताट मांडून तुझी वाट बघत होती. निरांजन लावलं, ते विझलं, पुन्हा लावलं. शेवटी तिने फोन केला तर तू म्हणालास, लाइन गेली आहे, बॅटरी उतरली आहे, पंप हाताने चालवतो आहे, येता येत नाही. "मी म्हटलं, मंग मासोळ्याच ओवाळतीन तुले. माह्या दारात येऊ नको. अन् ठेवून देला फोन. तवापासून त्यानं नाई केला, म्या नाई केला. मले वाटे, तो करन. त्याले वाटत असन, मी करन." तिने डोळ्याला पदर लावला नाही. नुसती पेटीकडे बघत राहिली. "सुऱ्या, तू त्याचा आवाज काढतो ना? त्या ठाणेदाराचा? मधू हसून हसून सांगे मले फोनवर. पोट धरून हसे. काढ ना रे. विचार त्याले, रुसला काय म्हनून."

थांब. इथे मला तुझ्याशी एक स्वतंत्र भांडण करायचं आहे. मला कायम झापत राहिलास, आणि तिकडे पोट धरून हसत होतास? इतकी वर्षं मी तुझा तो चष्म्याच्या वरून टाकलेला कटाक्ष खरा समजत होतो. एवढं चांगलं नाटक माझ्यासमोर, माझ्याच धंद्यात, आणि मला पत्ता नाही. मधू, लाज वाटायला हवी तुला. मला तर इतका आनंद झाला की तो ठेवायला त्या घरात जागा नव्हती.

तर अक्का माझ्या तोंडाकडे बघत होती. माझ्या घशात तो आवाज तयार होता. "रुसलो नाई, अक्का." एवढंच म्हणायचं. याहून हलकं काम मी आयुष्यात केलेलं नाही. मी पेटीशेजारी उभा राहिलो, तोंड उघडलं. आणि समोर तो दिसला. धापा टाकत होता. त्याच्या पुढ्यात एक शीत पडलेलं, त्याच्या तोंडाहून मोठं.

मी खाली बसलो, अक्काच्या शेजारी.

"अक्का, मासोळीले हे माहीत नाई. अन् खरं सांगू काय, मलेही माहीत नाई. मधूनं तुमच्या भांडनाचं मले सांगितलंच नाई."

माझ्यासारख्याला हे सांगायला किती जड जातं! मग मी उठलो. तुझ्याजवळ बसून बसून जेवढं पाहिलं होतं तेवढं आठवत कामाला लागलो. कोरा कागद पाण्यावर अलगद पसरून तूप टिपून घेतलं, कागद टाकला, दुसरा घेतला. नळीने एकेक शीत ओढून काढलं. कोपऱ्यातल्या झाकलेल्या पिंपात तू नेहमी करून ठेवायचास तसा तयार समुद्र होता, शेवटचा, तुझ्या हातचा. तो हळूहळू आत घालायचा होता. "अक्का, हा पाण्याचा मग धर," म्हटलं. तिने तो धरला. मी सांगितलं, धार दगडावर सोड, वाळूवर नको. तिने दगडावर सोडली. अशी हळू, जशी लहान पोराच्या डोक्यावर पाणी घालावं.

धार सोडता सोडता ती म्हणाली, "तुले नाईच सांगितलं?"

"नाई."

"तू तं रोज येत होता."

"रोज. भाऊबीजेले काहून नाई गेला म्हटलं तं म्हने, पंप बंद पडला. बस."

"माह्याबद्दल काहीच नाई?"

"काहीच नाई, अक्का."

तिने पाण्याचा मग खाली ठेवला. "मंग तो रुसला नव्हता."

"कशावरून?"

"अरे, त्याले रुसनं पोटात ठेवताच येत नव्हतं! लहान असताना म्या त्याची बोरं खाल्ली. तं हा चक्कीवाल्याले सांगून आला. मास्तरले सांगून आला. सोनाराच्या म्हातारीले ऐकू येत नव्हतं, तिले दोन खेपा सांगितलं. दारात बांधलेल्या म्हशीपुढं उभा राहून सांगे, अक्कानं माही बोरं खाल्ली!" ती हसायला लागली. हसता हसता थांबली, पुन्हा हसली. "दहा जनाले सांगितल्याबिगर त्याचा रुसवा पुरा होत नसे. अन् तुले नाई सांगितलं? तुह्यासारख्या भोंग्याले?"

भोंगा म्हणाली मला, सुतकाच्या घरात. मी मान्य केलं.

मग ती पेटीकडे वळली. पाणी अजून गढूळच होतं, पण ठाणेदाराचे कल्ले जरा शांत झाले होते आणि त्याच्या मागून जेसीबीची मिशी बाहेर आली होती. अक्का काचेजवळ गेली आणि म्हणाली, "तू मासोळीच राह्य बापा. आपलं आपलं खा." तिने पेटीला हात जोडले नाहीत, काही नाही. हात धुतले आणि मला म्हणाली, "चहा ठेवू काय?"

त्यानंतर डब्यातला पहिला घास तिने कावळ्यांना ठेवला. पाणी काही दिवसांत निवळलं, बटणं एकेक करून उघडली. तेरवी झाल्यावर घाटंजीची गाडी पकडताना तिने खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. "पाहाशीन ना?" एवढंच. मी नळी डोळ्याला लावायला शिकतो आहे. आत काय दिसतं ते अजून नीट कळत नाही, पण मीही म्हणतो, आता साफ दिसते.

एक गोष्ट राहिली. अक्काचा निवाडा छान आहे, पण मधू, याच्या उलटही असतं. माणसाला फार आत लागलं की ते तो दहा जणांना काय, एकालाही सांगत नाही. हे मला त्याच वेळी, पेटीशेजारी असतानाच, सुचलं होतं. अक्कालाही सुचलं असणार. ती बाई काही साधी नाही. आम्ही दोघांनी ते उचललं नाही, तिथेच राहू दिलं, आणि चहा प्यायलो. तुला न विचारता तुझ्या मनातलं आम्ही ठरवून मोकळे झालो. तू असतास तर याच्यावर मात्र नक्की रुसला असतास, आणि अक्कानं अन् सुऱ्यानं काय केलं पाहा, असं गावभर सांगत फिरला असतास. चक्कीवर सांगितलं असतंस, बसस्टँडवर सांगितलं असतंस, चष्मा करायला आलेल्या म्हातारबुवांना डोळे तपासता तपासता सांगितलं असतंस. पण सगळ्यांच्या आधी मला सांगायला आला असतास.

मी दुकानाच्या पायरीवरच बसलो आहे.